कशावरून बाई

सुजाता, सरक अशी जवळ. तू तिकडं जालन्यात मस्तगडला अन् मी इकडं गावात, पण कागदावर तरी मांडीला मांडी लावून बसता येतंय का न्हाई? बस. अन् आधी माझी बोलणी खा. नातीला रागवायला मी कुणाची परवानगी घेत न्हाई.

परवा फोनवर म्हणालीस, "आजी, आमच्या शाळेत आता प्रकल्प करून शिकवायचं म्हणे. नवीन पद्धत आलीये." अन् मंग फोटो धाडलास. थर्माकोलचे ज्वालामुखी, ओळीनं मांडलेले, सगळ्या पोरांचे एकसारखे. मी विचारलं, हे पोरांनी केलं? तर तू हसलीस. "कुठलं गं, दुकानात तयार मिळतात. आई-बाप आणून देतात." मास्तरीण असून हसलीस! तेव्हापास्नं माझ्या डोक्यात आग आहे. अगं, जालन्यात कुठं आलाय ज्वालामुखी? तुझ्या वर्गातल्या एका तरी पोराला त्याचा चटका बसलाय का? अन् नवीन पद्धत म्हणतीस. आपल्या गावात ही पद्धत येऊन, मार खाऊन, निघूनसुद्धा गेली. तुझी आई तेव्हा जन्मायची होती.

ऐक. मधी बोलू नको.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली एक बाई आली शाळेवर. तेव्हा जालना जिल्हा व्हायचा होता, आपण औरंगाबादेत मोडत होतो. घनसावंगीची बस फाट्यावर सोडायची, तिथून पायी, अन् पहिली लागायची ती आपली वस्ती. मी नवी नवी नांदायला आल्ते. आडावर पाणी शेंदत होते. समोरून एक बुटकी बाई आली, डोक्यावर ट्रंक, बगलेत छत्री, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मला म्हणाली, "शाळा कुठं आहे गं?"

मी बोट दाखवलं. "त्या लिंबाच्या मागं."

"कशावरून?"

कशावरून म्हणजे? शाळा लिंबाच्या मागं आहे म्हणून आहे! मी म्हणाले, "बाई, तिथून पोरांचा कालवा येऊन राह्यला. ऐका की."

तिनं कान दिला, मान हलवली. "हां. हे बरोबर सांगितलंस." अन् गेली. माझी सासू मागून म्हणाली, "ही काय टिकत न्हाई बघ."

नाव सुमन. आडनाव लिहीत न्हाई, तिचे लोक तुझ्याच मोहल्ल्याच्या आसपास असतील, कचेऱ्यांत नोकऱ्या करणारे, जुने घरंदाज. गावानं महिन्याभरात तिचं नाव ठेवलं, कशावरून बाई. कारण ती कुणालाच सोडायची न्हाई. वैदू म्हणाला ही मुळी पोटाला चांगली, तर कशावरून. कंडक्टर म्हणाला बस मंठ्याला चाललीये, तर कशावरून. "पाटी वाचा ना बाई!" तो ओरडला. ती म्हणाली, "पाटी मागच्या खेपेचीसुद्धा असू शकते." अन् खरंच, पाटी बदलायची राह्यली होती. कंडक्टरनं तिला पुढच्या सीटवर बसवलं.

खडू ती अंबाड्यात खोचायची. फुलासारखा. म्हणून मान नेहमी पांढरी. बोलणं मोठ्यानं, जसं काही सगळं जग शेवटच्या बाकावर बसलंय. अन् रागीट, बाई, बिलकुल निखारा! पण तिचा राग पोरांवर निघत न्हवता, उत्तरावर निघायचा. पोरगं पाठ केलेलं धडाधडा म्हणायला लागलं की दाढ दुखल्यासारखे डोळे मिटून घ्यायची. वर्गात एक गुळाचा डबा ठेवलेला. बरोबर उत्तराला त्यातलं काही न्हाई. पण कुणी येऊन म्हणालं, "बाई, आपण समजत होतो ते खोटं निघालं," की त्याला गुळाचा खडा. हेडमास्तर म्हणाले, "बाई, हे उलटं आहे." ती म्हणाली, "ज्याचं बरोबर आलं त्याचं तोंड आधीच गोड असतं, सर."

हे मला कसं कळलं? माझी नणंद शांता तेव्हा सातवीत होती. मी भाकरी थापायची अन् ती चुलीपुढं बसून सगळी शाळा मला सांगायची. मला तेव्हा एक अक्षर येत न्हवतं.

प्रकल्प हा शब्द बाईनं कधी उच्चारला न्हाई. ती म्हणायची, "पोरांनो, एक काम काढू." दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिनं विचारलं, या गावातली कुठली गोष्ट तुम्हाला छळते? कुणी म्हणालं माकडं, कुणी म्हणालं गणित. सरपंचाचा दिगंबर म्हणाला, "नारू. आमची आजी दरसाल उन्हाळ्यात कण्हत पडती."

तुला नारू ठाऊक न्हाई, सुजाता. चांगलंय. दोऱ्यासारखा पांढरा किडा. अंगातल्या अंगात वाढतो अन् पायाला फोड येऊन तिथून बाहेर निघतो. एकदम ओढला तर तुटतो, मंग पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा. आग आग होते. उन्हाळ्यात अर्धं गाव काड्या बांधून बसलेलं असायचं, अन् वर्गात निम्मी पोरं न्हाईत. देवीचा कोप, म्हणायचे. कुणी म्हणायचं काट्यातून शिरतो. बाई म्हणाली, कशावरून?

काम काढलं म्हणून पोरं लगेच गावात उधळली असं न्हवतं. तुझ्या त्या ज्वालामुखीसारखं बापाला सांगून मोकळं न्हाई. तिनं टोळ्या पाडल्या अन् प्रत्येक टोळीला वर्गापुढं उभं केलं. काय विचारणार? कुणाला विचारणार? समोरचा खोटं बोलला तर कसं ओळखणार? अन् आपलंच चुकलं तर पुढं काय करणार? याची उत्तरं येईस्तोवर दाराबाहेर पाऊल टाकायचं न्हाई. पोरं रडकुंडीला आली. शांता घरी येऊन म्हणायची, "वहिनी, नुसतं विचारायला जायचं तर एवढं रामायण!" पण त्या रामायणानंच पोरं धारदार झाली.

आधी त्यांनी काटा-चिखलाचा माग काढला. कोण वहाणा घालतं, कोण अनवाणी. शांता मलाच विचारायला आली, वही घेऊन, परक्यासारखी.

"वहिनी, तुम्ही वहाणा घालता का?"

"तुला दिसत न्हाई का गं? तूच तर काल माझी फाटकी वहाण टाकून दिली."

"तसं न्हाई. उत्तर द्या. नारू झाला होता का कधी?"

"न्हाई."

"कशावरून?"

"आता लुगडं वर करून दाखवू का तुला!" सासू हसून हसून भाकरी करपवून बसली.

तर निघालं काय, सरपंचाची आई कधी अनवाणी बाहेर पडली न्हाई, तिला नारू. अन् आपली बहुतेक वस्ती अनवाणी, तर एकालाही न्हाई. काट्याचं खोटं ठरलं. त्या दिवशी बाईनं सगळ्या वर्गाला गूळ वाटला.

टोळ्या तिनं मुद्दाम मिसळून केल्या होत्या. शांता अन् दिगंबर एकाच टोळीत. वरच्या गल्लीतल्या बाया दिगंबरला म्हणायच्या, "तू ये की आत, राजा. ही बाहेर राहू दे." बाईचा नियम होता, टोळी आत जाईल तर सगळी, न्हाईतर सगळी परत. पोरं गावाचा नकाशा काढून सगळ्यांपुढं मांडणार होती, त्यात ते घर कोरं सोडायचं, 'सांगत नाही' असं लिहून. दिगंबर त्या बायांना म्हणायचा, "काकू, मंग तुमचं घर कोरं राहील बरं का, सगळ्या गावाला दिसंल." त्या लाजेनं कितीतरी अंगणं उघडली. न्यायानं न्हाई गं. लाजेनं! माझा राग तिथून सुरू होतो.

मंग शांतानं एक गोष्ट हेरली. नवी सून गावात आली की पहिल्या उन्हाळ्यात तिला नारू न्हाई, दुसऱ्या उन्हाळ्यात होतो. अन् इथली लेक लग्न होऊन लांब गेली तरी पहिल्या उन्हाळ्यात तिला तिथं निघतो. म्हणजे जे काही अंगात जातं ते इथंच जातं, अन् बाहेर यायला साल लावतं. सातवीतली पोर! बाईनं म्हणे चष्मा काढून पुसला. मंग म्हणाली, "सूनबाई इथं येऊन नवीन काय करतात?" पोरं ओरडली, "पाणी भरतात!"

मंग तिनं पोरांना बारवेवर नेलं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, थेट पाण्यात उतरत जाणारी. आपल्या लोकांना तिच्या पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवू देत न्हवते, म्हणून तर आजेसासऱ्यांच्या पिढीनं आपल्या वस्तीत आड खणला, अरुंद अन् खोल, दोर-पोहऱ्यानं शेंदायचा. बाई म्हणाली, आज विचारायचं न्हाई, फक्त बघायचं. पोरं सकाळभर कठड्यावर बसली. अन् बघितलं ते रोजचंच. बाया पायऱ्या उतरतात, आधी पाण्यात उभ्या राहून पाय धुतात, मंग घागर बुडवतात. धुळीच्या पायानं पाणी भरणं म्हणजे विटाळ. सोवळं म्हणून पाय धुवायचे, अन् तेच पाणी प्यायचं. अन् ज्याच्या पायाला नारूची आग, तो तर पाय बुडवून बसूनच राहायचा, गार वाटतं म्हणून. दिगंबर हळूच म्हणाला, "माझी आजीबी बसती."

सुजाता, आम्हाला ज्या पायरीवर पाय ठेवू दिला न्हाई, त्याच पायरीवर नारू बसला होता. आमच्या आडाला पायरी न्हाई, म्हणून कुणाचा पाय न्हाई, म्हणून नारू न्हाई. शांतानं हे चुलीपुढं सांगितलं तेव्हा सासू म्हणाली, "बरं झालं, देवानं बघितलं." मला तसं वाटलं न्हाई. मला राग आला. आम्ही वाचलो ते कुणाच्या दयेनं न्हाई, त्यांच्या तिरस्कारानं वाचलो. अशा वाचण्याचा आनंद काय करायचा?

झेंड्याच्या दिवशी पोरांनी शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर गावाचा नकाशा काढला. कागद कुठला एवढा मोठा? नारूचं घर गेरूनं तांबडं, बिननारूचं चुन्यानं पांढरं, घरावर मालकाचं नाव. झेंडा झाला, साखर वाटली, अन् सरपंच भिंतीपुढं येऊन थांबला. आम्ही वस्तीतल्या बाया लांब, लिंबाखाली उभ्या.

"बाई, हे कसले डाग पाडलेत भिंतीला?"

"डाग नाहीत, घरं आहेत. मुलं सांगतील."

सरपंचानं एकदा वरची सगळी तांबडी गल्ली बघितली, मंग कडेला एकगठ्ठा पांढरी घरं. "ही कुणाची?" ठाऊक असून विचारलं.

"वस्तीतली, आबा," दिगंबर म्हणाला.

"म्हणजे आमच्या पाण्यात किडे अन् ह्यांचं पाणी चांगलं? कशावरून, बाई? कशावरून?" त्यानं तिचाच शब्द तिच्या तोंडावर मारला. लोक हसले.

बाई मात्र खूश झाली. खरंच. म्हणाली, "हे बरोबर विचारलंत, सरपंच. मुलांनो, सांगा."

पोरांनी सांगितलं. सुनांचं, लेकींचं, पाय धुण्याचं. काम काढलं की शेवटी काय करायचं तेही सांगायचं, हा बाईचा दंडक, म्हणून दिगंबर म्हणाला, "बारवेच्या पायऱ्या बंद करा, वरून चाक लावून पाणी शेंदा. आबा, आजी दुखरा पाय त्याच पाण्यात..."

कानाखाली अशी वाजली की लिंबाखाली ऐकू आली.

अन् त्या आवाजातच आमची शांता, ती वेडी पोर, पुढं सरकून म्हणाली, "चाक लागेपर्यंत आमच्या आडाचं घ्या. आम्ही शेंदून देऊ."

सरपंचानं वस्तीचं जुनं नाव घेतलं. धम्म घेतला तेव्हा आम्ही टाकून दिलं होतं ते. म्हणाला, तिथलं पाणी प्यायची वेळ आमच्यावर आली न्हाई अजून.

मी बाईला चिडलेली पुष्कळदा पाह्यली होती. त्या दिवशी ती ओरडली न्हाई. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, हळू बोलली म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "पाणी जमिनीखालचं आहे, सरपंच. तिथं कुणी वस्त्या पाडलेल्या नाहीत. तुमच्या आईच्या पायातला किडा तुम्हाला चालतो. या मुलीच्या हातचं पाणी चालत नाही. भिंतीवर हे काढायचं राहिलं आमचं."

दुपारपर्यंत भिंतीवर सफेदी फिरली.

पण त्याच आठवड्यात पोरं गेरू अन् चुना घेऊन आपल्या वस्तीत आली. वरच्या गल्लीतली पोरं, जन्मात पहिल्यांदा. दिगंबर सगळ्यात पुढं, गाल अजून सुजलेला. विहाराच्या कुडाच्या भिंतीवर त्यांनी सगळा नकाशा परत काढला. मी तिथूनच वाचायला शिकले, सुजाता. शाळेत गेले न्हाई, अंकलिपी पाह्यली न्हाई. घर ओळखीचं होतं, म्हणून त्यावरचं नाव ओळखीचं झालं. शेण-सडा करता करता एकेक घर वाचायची. तुझ्यासाठी हे लिहून राह्यले ते त्या भिंतीच्या जोरावर.

बाई त्या दिवसापासून आपल्या आडावर घागर घेऊन यायला लागली. घरमालकिणीनं दुसऱ्याच दिवशी तिची ट्रंक अंगणात ठेवली. ती शाळेच्या सामानाच्या खोलीत राह्यली, फाटके नकाशे अन् घंटा यांच्यात. आडावर मी तिला म्हणाले, "बाई, आता तरी वाचलात नारूतून."

"कशावरून?" ती म्हणाली. "मी गेल्या उन्हाळ्यात बारवेचंच पाणी प्यायले आहे. मुलांचं खरं असेल तर या उन्हाळ्यात मला निघेल. नाही निघाला, तर त्यांचं कुठंतरी चुकलंय." अन् पोहरा सोडला. मला त्या बाईचा तेव्हा एवढा राग आला! अगं, घाबर की थोडी! देवाला म्हण की न्हाई निघू दे! पण ती वाट बघत होती, परीक्षेच्या निकालासारखी.

वरती तक्रार गेली होती. बाई अभ्यास सोडून पोरांना घरोघर हिंडवतात, गावात तेढ पाडतात. तपासायला साहेब आले. त्यांनी पोरांना पाढे विचारले, राजधान्या विचारल्या. पोरांना आल्या. नारूबद्दल एक शब्द विचारला न्हाई. भिंत बघायला वस्तीत पाय टाकला न्हाई. चहा सरपंचाकडं प्यायले. बारवेच्या पाण्याचा! उन्हाच्या तोंडाला बदली आली, पार मंठ्याच्या पलीकडं.

अन् त्याच दिवसांत तिच्या घोट्यावर फोड आला.

शांता सांगत होती, बाई लंगडत वर्गात आली, पाय खुर्चीवर ठेवला, पट्टी सोडली. काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा. कुणीतरी रडायला लागलं. सवयीनं दोनचार पोरांनी डब्याकडं बघितलं. बाई म्हणाली, "आज गूळ नाही, पोरांनो. बरोबर निघालंय."

ती गेली त्या सकाळी फाट्यावर वरच्या गल्लीतलं एकही मोठं माणूस न्हवतं. पोरं होती, अन् आम्ही. पायाला काडी बांधलेली, ट्रंक दिगंबरच्या डोक्यावर, अंबाड्यात खडू. मी तांब्याभर पाणी नेलं होतं. तिनं उभ्यानं सगळं पिलं, पदरानं तोंड पुसलं. मी म्हणाले, "बाई, तुमच्या जाण्याचं काही वाटत न्हाई ह्यांना." तर म्हणाली, "माझ्या जाण्याचं वाटून काय करायचंय? चाकाचं वाटायला हवं." बस आली. कंडक्टरला तिनं काही विचारलं, तो हसला, आम्हाला ऐकू आलं न्हाई, पण काय विचारलं असंल ते सगळ्यांना कळलं. बस हलली तशी खिडकीतून अर्धी बाहेर वाकली अन् शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशी ओरडली, "शांते! चाकाचं काय झालं ते कळव!"

काय कळवणार? चाक कितीतरी सालं लागलं न्हाई. गावानं पायात किडे पाळले, पण गाव अन् वस्ती यांच्यामधलं अंतर काही चालून आलं न्हाई. मंग केव्हातरी सरकारी माणसं आली, पडद्यावर चित्रं दाखवली, सातवीतल्या पोरांनी सांगितलं होतं तेच सांगितलं, अक्षरन् अक्षर. पायऱ्या बुजवल्या, चाक लागलं, हार घातले, टाळ्या झाल्या. भिंतीची आठवण कुणी काढली न्हाई. शांतानं तिला पत्र टाकलं होतं, ते पत्ता बदलला म्हणून परत आलं.

म्हणून राग येतो, सुजाता. तुझ्यावर न्हाई गं, रडू नको लगेच. पण तिनं ज्याच्यासाठी पायातला नारू वर्गापुढं उघडा केला, ते तुम्ही थर्माकोलचं करून दुकानात ठेवलंत.

तर आता ये. सुट्टीची वाट बघू नको, जल्दी ये, अन् एकटी येऊ नको, तुझ्या वर्गातली पोरं आण. ज्वालामुखी तिकडंच ठेवा. विहाराची भिंत आता सिमेंटची झाली, तिच्यावर काही न्हाई, कोरी आहे. आड अजून आहे. मी शेंदून पाणी देईन, गार आहे. पोरांना म्हणावं, पिण्याआधी मला विचारा, आजी, हे पाणी चांगलं कशावरून? गुळाचा डबा मी भरून ठेवलाय.